एका गोळीमागे उरते ते

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एका अंगाचे नाव 'रसायन' असे आहे आणि त्याचा विषय आहे वार्धक्य. शरीर थकू लागले की त्याला सांभाळावे कसे, बळ आणि स्मृती टिकवावी कशी, याचा विचार करणाऱ्या शाखेला आपल्या पूर्वजांनी हा शब्द दिला. आपल्या फडताळातला च्यवनप्राश त्याच घराण्यातला. आज मात्र 'रसायन' म्हटले, आणि त्याहूनही 'केमिकल' म्हटले, की आपल्या मनात भीती उभी राहते. भाजीवर केमिकल, दुधात केमिकल, आंबा पिकवायला केमिकल. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या डब्यातून आपण सकाळ-संध्याकाळ गोळ्या काढून घेतो, त्या गोळ्याही रसायनेच आहेत आणि त्यांच्यावरच आपल्यापैकी अनेकांचे उतारवय उभे आहे. तेव्हा प्रश्न रसायन हवे की नको हा नाही; ते कसे तयार होते आणि ते तयार होताना मागे काय उरते, हा आहे.

मी शिंदखेड्यात राहतो. तालुक्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो. घरी आई आहे, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी. गुडघे गेलेले, रक्तदाब आहे, साखर आहे. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा दर रविवारी भरणे हे माझे काम. दुखण्यावर तिला पूर्वी वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या मिळत. मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी त्या बंद केल्या आणि पॅरासिटामॉलवर आणले. ती गोळी तिला आवडते. पांढरी, साधी, स्वस्त. अशीच एक गोळी तळहातावर घेऊन तिने मला एकदा विचारले, "हाई गोयी कोठे बनस रे भाऊ?" गोळी कुठे बनते, एवढाच तो प्रश्न. शाळेत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

खरे उत्तर तिच्या घरातलेच होते. तिचा नातू, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, तेव्हा गुजरातेतल्या एका रासायनिक कारखान्यात कामाला होता. आपल्या भागातून सुरत-भुसावळ लोहमार्गाने अशी कितीतरी मुले सुरत, अंकलेश्वर, वापीकडे जातात. बी.एस्सी. होतात, गावात काम नसते, पिशवी भरतात आणि गाडीत बसतात. या मुलाचा कारखाना गोळी तयार करत नव्हता. गोळीच्या आधीचा, त्याच्याही आधीचा पदार्थ तयार करत होता. आपल्या हाती येणारी पट्टी हा फार लांबच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम असतो.

तो प्रवास थोडक्यात सांगतो; नावे अवघड वाटली तर सोडून द्या, वाट तेवढी पाहा. जुन्या पद्धतीत बेंझिनपासून सुरुवात होते. त्यावर आधी क्लोरीन चढवतात. मग तीव्र आम्लांच्या साह्याने नायट्रोजनचा एक गट बसवतात. तयार होतो पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझिन नावाचा पिवळसर घन पदार्थ. मग कॉस्टिक सोड्यासारखा अल्क घालून तो क्लोरीन पुन्हा उतरवतात. त्यानंतर लोखंडाचा कीस आणि आम्ल घालून मिळवतात पॅरा-अमिनोफेनॉल. त्यावर ॲसेटिक अनहायड्राइडची क्रिया केली की पॅरासिटामॉल मिळते. क्लोरीनची गंमत आपल्या लक्षात आली असेल. तो चढवायचा, त्यासाठी वीज आणि पैसा खर्च करायचा आणि उतरवून मिठाच्या रूपाने सांडपाण्यात सोडायचा. आईच्या गोळीत क्लोरीनचा एक अणूही नसतो. लोखंडाचेही तसेच. ते गोळीत जात नाही, काळ्या गाळाच्या रूपाने मागे राहते. एक किलो पॅरा-अमिनोफेनॉलमागे साधारण तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, गाळ. त्यात अमिनोफेनॉलही मिसळलेले असते, म्हणून तो कुठेही टाकून चालत नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीला हा मुलगा रात्रपाळी संपवून थेट गाडीत बसला आणि दुपारी घरी आला. पाळी संपताना एक पोते फुटून तो पिवळसर पदार्थ त्याच्या अंगावर सांडला होता. वरचा शर्ट झटकला, हात धुतले आणि गाडी चुकू नये म्हणून निघाला. घरी आल्यावर डोके दुखते म्हणाला. जिना चढताना धाप लागली. माझी आई बसल्या जागेवरून त्याच्याकडे पाहत होती. तिनेच सांगितले की पोराचे ओठ जांभळे दिसतात. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ८५ च्या आसपास. धुळ्याच्या रुग्णालयात नेले, प्राणवायू लावला, तरी आकडा हलेना. रक्त काढले तर ते लाल नव्हते, चॉकलेटी होते. तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "हा कामाला कुठे असतो?"

पोटापाण्याचा व्यवसाय हा रुग्णाच्या इतिहासाचा भाग असतो, हे आपण, काळजी घेणाऱ्यांनी, विसरू नये. नायट्रोक्लोरोबेंझिन, नायट्रोबेंझिन, ॲनिलिन हे पदार्थ कातडीतून शरीरात शिरतात आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलतात. बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. फुप्फुसे चांगली, हृदय चांगले, नाकाला नळी लावलेली, आणि तरी शरीर गुदमरते. यावर उपाय आहे मेथिलीन ब्ल्यू नावाचे औषध, तेही गडद निळ्या रंगाचे. ते शिरेतून दिले आणि संध्याकाळपर्यंत पोराच्या ओठांना रंग आला. अंगावरचे सगळे कपडे काढून, साबण-पाण्याने अंग धुऊन घेणे हा उपचाराचा तितकाच महत्त्वाचा भाग होता. कारण विष कपड्यांतून अजून आत शिरतच होते.

आईला मी हे सगळे समजावून सांगितले. तिला एवढेच कळले की तिच्या गुडघ्याच्या गोळीसाठी नातवाचे ओठ निळे पडले. शास्त्राच्या दृष्टीनेही ते चूक म्हणता येत नाही.

येथे 'हरित रसायनशास्त्र' या विषयाकडे वळतो. नाव ऐकून झाडे लावण्याचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, पण याचा त्याच्याशी संबंध नाही. पॉल ॲनास्टस आणि जॉन वॉर्नर या दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ साली या शास्त्राची बारा तत्त्वे मांडली. बाराही तत्त्वे मी येथे देत नाही. पाठ करायला ती परीक्षेत ठीक. गाभा पहिल्याच तत्त्वात आहे: घाण झाल्यावर ती साफ करण्यापेक्षा मुळात होऊच न देणे. तोपर्यंत कारखान्याच्या शेवटच्या टोकाला काय सोडायचे, किती सोडायचे, धुराडे किती उंच ठेवायचे, असाच विचार अधिक होत होता. हे शास्त्र सुरुवातीच्या टोकाला जाऊन बसते आणि विचारते की ही वाटच का धरली? क्लोरीन चढवून उतरवायचाच असेल, तर चढवायचा कशाला?

आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घ्या. खान्देशात कळण्याची भाकरी करताना ज्वारीबरोबर उडीद सालासकट दळतात. डाळ पाखडून साल फेकण्याची मेहनतही नाही आणि फेकायला सालही नाही. रसायनशास्त्रात याला अणूंची काटकसर म्हणतात. घातलेल्या अणूंपैकी किती अणू अखेर हव्या त्या पदार्थात पोचले, त्याचा हिशेब. आणि मागे किती कचरा उरला याचाही एक हिशेब आहे. रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली तो मांडला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. तेलशुद्धीकरणात एक किलो मालामागे शंभर ग्रॅमच्या आसपास कचरा निघत होता, तर औषधनिर्मितीत एक किलो औषधामागे पंचवीस किलोंपासून शंभर किलोंपर्यंत, आणि काही वेळा त्याहूनही अधिक. ज्या उद्योगाला आपण सर्वांत स्वच्छ समजतो, पांढरे डगले, काचेची भांडी, तोच मालाच्या प्रमाणात सर्वाधिक घाण करणारा निघाला. त्यातला मोठा भाग विद्रावकांचा असतो. पदार्थ विरघळवण्यासाठी, धुण्यासाठी वापरलेली द्रव्ये.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत पर्यायी वाट शोधणाऱ्यांत आपल्या पुण्याची माणसे आहेत, हे मला फार उशिरा कळले आणि कळल्यावर फार बरे वाटले. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. तेथील आर. व्ही. चौधरी, सी. व्ही. रोडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात नायट्रोबेंझिनपासून एकाच भांड्यात पॅरा-अमिनोफेनॉल मिळवण्याच्या पद्धतीवर काम केले आणि १९९९ साली ते प्रसिद्ध झाले. क्लोरीन नाही, लोखंडाचा कीस नाही. कोळशाच्या भुकटीवर बसवलेला थोडासा प्लॅटिनम, सौम्य केलेले आम्ल आणि दाबाखाली हायड्रोजन वायू. प्लॅटिनम उत्प्रेरक असतो, म्हणजे क्रिया घडवून आणतो, स्वतः संपत नाही. गाळून पुन्हा वापरता येतो. लोखंडाने जे काम गाळ होऊन केले असते ते हायड्रोजन करतो, आणि त्याचे उरते ते पाणी.

आता हे ऐकून लगेच टाळ्या वाजवू नयेत. या पद्धतीतही आम्ल लागते आणि ते शेवटी शमवावे लागते. थोडे ॲनिलिन बरोबर तयार होते, ते वेगळे काढावे लागते. आणि नायट्रोबेंझिन काही साधू नव्हे. ओठ निळे करण्याचा त्याचाही गुण तोच आहे. फरक असा की चार भांड्यांतून ओतत, गाळत, पोत्यात भरत नेण्याऐवजी एका बंद भांड्यात काम होते, आणि जेवढे ओतणे कमी तेवढे अंगावर सांडणे कमी. दुसऱ्या एका वेदनाशामकाची, आयबुप्रोफेनची, कहाणी याच शास्त्राच्या पुस्तकांत नेहमी सांगतात. जुन्या सहा टप्प्यांच्या पद्धतीत घातलेल्या अणूंपैकी चाळीस टक्केच औषधात पोचत. १९९२ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये सुरू झालेल्या नव्या पद्धतीत टप्पे तीन झाले आणि प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. तिला १९९७ साली तिथले हरित रसायनशास्त्राचे राष्ट्राध्यक्षीय पारितोषिक मिळाले. मात्र त्या पद्धतीत हायड्रोजन फ्लुओराइड वापरतात, आणि तो अतिशय घातक वायू आहे. तो जवळजवळ सगळा परत मिळवून पुन्हा वापरला जातो, हे खरे. तरीही 'हरित' हा शब्द तुलनेचा आहे, प्रमाणपत्राचा नव्हे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

तुलना का महत्त्वाची, हे आपल्या जिल्ह्याला शिकवावे लागू नये. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला तापी, आणि तापीपलीकडे शिरपूर तालुका. तिथल्या वाघाडी गावाजवळ ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. किमान बारा माणसे गेली, जखमी त्याहून कितीतरी अधिक. अपघात टाळण्याचे दोन मार्ग असतात. एक, धोकादायक वस्तूभोवती पहारे बसवायचे: झडपा, भोंगे, सूचनाफलक. दुसरा, ती वस्तू मुळात ठेवायचीच नाही, किंवा लागेल तेवढीच, लागेल तेव्हा तयार करायची. भोपाळला १९८४ साली जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला तो विकायचा माल नव्हता. कार्बारिल हे कीटकनाशक करताना मधल्या टप्प्यावर लागणारा पदार्थ होता आणि तो टाक्या भरभरून साठवलेला होता. 'सेव्हिन' या नावाने हे कीटकनाशक कापूस पिकवणाऱ्या आपल्या पिढीला आठवत असेल. तेच कार्बारिल मिथाइल आयसोसायनेटशिवाय तयार करण्याची वाट रसायनशास्त्राला तेव्हाही ठाऊक होती. हरित रसायनशास्त्राचे बारावे, शेवटचे तत्त्व अपघात टाळण्याविषयीचे आहे. माझ्या मते आपल्याकडे ते पहिले असायला हवे होते.

गोळीचा अर्धा भाग अजून सांगायचा राहिला. पाचशे मिलिग्रॅम औषध म्हणजे गोळी नव्हे. भुकटी एकत्र धरून ठेवायला आणि पोटात गेल्यावर ती पटकन विखुरायला काहीतरी लागते, आणि हे 'काहीतरी' बहुतेक वेळा मक्याचे पीठ, म्हणजे स्टार्च असते. ते पाणी शोषून फुगते आणि गोळी आतून फुटते. आईच्या गोळीतला स्टार्च कुठला ते पट्टीवर लिहिलेले नसते. पण आमच्या तालुक्यातल्याच दोंडाईच्यात मक्यापासून स्टार्च काढण्याचा मोठा कारखाना, युनिव्हर्सल स्टार्च, सत्तरच्या दशकापासूनचा आहे. बाहेरगावच्या लोकांना दोंडाईचा मिरचीमुळे माहीत. आम्हाला मक्याच्या गाड्यांच्या रांगेमुळेही.

स्टार्चचा उद्योग मला शिकवायला फार आवडत असे, कारण तो उडदाच्या सालीच्या न्यायाने चालतो. मका कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. पाण्यात सल्फर डायऑक्साइड किंचित असतो, त्याने दाणा सैल होतो आणि आंबत नाही. मग दाणा हलकेच भरडला की अंकुर वेगळा होतो, त्याचे तेल निघते. साल आणि पेंड जनावरांना जाते. प्रथिने वेगळी होतात, तीही खाद्यात जातात. भिजवलेले पाणीसुद्धा आटवून उपयोगात आणतात. उरतो पांढराशुभ्र स्टार्च, दाण्याच्या वजनाच्या साठ-सत्तर टक्के. त्यापासून ग्लुकोज करायला पूर्वी आम्ल घालून उकळत; रंग बिघडे, कडवटपणा येई, आम्ल शमवताना मीठ साठे. नंतर जगभर या कामाला विकरे, म्हणजे एन्झाइम, आली. आपल्या लाळेत जे पिष्ट पचवणारे विकर असते त्याचीच ही भावंडे, सूक्ष्मजीवांकडून मिळवलेली. आम्लाची कडवट बाजू गेली आणि ग्लुकोज अधिक मिळू लागले. रुग्णालयात खांबाला टांगलेली ग्लुकोजची बाटली, जुलाबावरचे क्षार-साखरेचे पाकीट, खोकल्याच्या औषधातले सॉर्बिटॉल, सगळ्यांचे मूळ बहुधा असे शेतात असते. खनिज तेल एकदा काढले की संपले. मका पुढच्या हंगामात पुन्हा येतो. कच्चा माल पुन्हा उगवणारा असावा, हेही त्या बारा तत्त्वांपैकी एक.

अर्थात मका पाणी मागतो आणि स्टार्चचा कोणताही कारखानाही पाणी मागतो. शिंदखेडा तालुका अवर्षणाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमचे नाव होते. अशा ठिकाणी पाणी किती वापरले, किती पुन्हा वापरले आणि कोणत्या अवस्थेत सोडले, हे विचारणे हा चोखंदळपणा नाही. बुराईच्या काठावर विहिरी असलेल्या माणसाला ते विचारावेच लागते. स्टार्चच्या सांडपाण्यात सेंद्रिय अंश भरपूर असतो. तो हवाबंद टाकीत कुजवला तर जळण्याजोगा वायू मिळतो, नदीत सोडला तर पाण्यातला प्राणवायू खातो. तोच पदार्थ, वाट निराळी.

विकरांवरून मधुमेहाची एक गोळी आठवली. सिटाग्लिप्टिन अनेक वाचक घेत असतील. भारतातला तिचा एकाधिकार जुलै २०२२ मध्ये संपला आणि ती बरीच स्वस्त झाली. ती तयार करण्याची पद्धत मूळ कंपनीने दोनदा सुधारली. पहिल्या सुधारणेने एक किलो औषधामागे सुमारे २२० किलो कचरा कमी झाला. दुसऱ्या सुधारणेत ऱ्होडियम हा दुर्मीळ धातू आणि उच्च दाबाचा हायड्रोजन काढून त्या जागी मुद्दाम घडवलेले एक विकर आणले. दोन्ही वेळा, २००६ आणि २०१० साली, पारितोषिक मिळाले. आपल्या पट्टीतली गोळी यांपैकी कोणत्या वाटेने आली ते आपल्याला कळण्याची सोय नाही. पाकिटावर किंमत असते, मुदत असते, साठवण्याचे तापमान असते. मागे काय उरले ते नसते. ते असायला हवे असे मला वाटते, पण आज नाही.

आता आपल्या हातातले. गोळी पोटात गेली म्हणजे ती संपली असे नाही. वाचकांपैकी शेतकरी घरातल्यांना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशात गिधाडे घिरट्या घालत. आज नातवंडांना गिधाड पुस्तकात दाखवावे लागते. जनावरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसात राहत होते. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. भारताने २००६ साली जनावरांसाठी त्याचा वापर थांबवला आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही तशीच बंदी आली. काम झाल्यावर पदार्थाने विरून निरुपद्रवी व्हावे, हे तत्त्व पुस्तकात लिहिले गेले तेव्हा आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी होतच होती.

म्हणून घरातल्या मुदत संपलेल्या गोळ्यांविषयी थोडे. आजारी माणूस असलेल्या घरात त्या साठतातच. औषध बदलते, माणूस जाते, पट्ट्या राहतात. त्या मोरीत ओतू नयेत, शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नयेत आणि बंबात तर मुळीच जाळू नयेत, कारण पट्टीचे प्लॅस्टिक जळताना निघणारा धूर दम्याच्या माणसाला भोवतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत टाकाऊ औषधे घरगुती घातक कचऱ्यात मोडत होती; हा कचरा वेगळा द्यायचा असतो. लहान गावांत तो वेगळा घेणारे कुणी नसते, ही रड आहेच. मी त्या पट्ट्या एका डब्यात बंद करून ठेवतो आणि जिल्ह्याच्या गावी जाताना, जिथे स्वीकारतात अशा औषध दुकानात किंवा रुग्णालयात विचारून देतो. आणि मुळात जास्त आणत नाही. महिन्याच्या गोळ्या महिन्यालाच. पॅरासिटामॉलबद्दल एक सावधगिरी याच ओघात: सर्दी-तापाच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही ते असते. दोन पट्ट्यांतून नकळत दुप्पट मात्रा जाते आणि यकृताला इजा होते. पट्टीच्या मागचे नाव भिंग लावून वाचावे.

'केमिकल-फ्री' लिहिलेल्या वस्तूंना मात्र मी घरात मान देत नाही. पाणीही रसायनच आहे. कण्हेर नैसर्गिक आहे, धोतरा नैसर्गिक आहे, म्हणून ते कुणी काढ्यात घालत नाही. पितळेची भांडी चिंचेने घासावीत, केसांना रिठा-शिकेकाई लावावी, ते चांगलेच आहे. पण चांगले यासाठी की चिंचेतले आम्ल सौम्य आहे आणि सहज विघटन पावते, ते आजीच्या काळातले आहे म्हणून नव्हे. उलट न्हाणीघरात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतणारी घरे मी पाहतो, तेव्हा मला धडकी भरते. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद दारामागे, स्टुलावर बसून आंघोळ करणाऱ्या वृद्धाला तेवढा पुरे होतो. ही दोन्ही एका वेळी वापरू नका. शक्य तर ॲसिड घरातच आणू नका.

भाचा बरा होऊन पुन्हा कामावर गेला. दुसरे काय करणार? बहिणीने आठ दिवस हट्ट केला, मग तीच त्याला स्थानकावर सोडायला गेली. वर्षभराने त्याने कारखाना बदलला. ज्या घरांतली मुले अशा कामावर जातात, त्या घरांतल्या आजी-आजोबांना सुचवतो: फोनवर 'जेवलास का' विचारून झाले की आणखी काही विचारा. माल हाताने टाकतोस की बंद नळीतून जातो? हातमोजे फाटले तर नवे मिळतात का? निघताना तिथेच आंघोळ करतोस ना? कपडे तिथेच ठेवतोस ना? तिथल्या दवाखान्यात मेथिलीन ब्ल्यू असते का? नव्या कारखान्यात जाण्यापूर्वी हेच प्रश्न त्याने स्वतः विचारले होते.

नव्या ठिकाणी लोखंडाचा कीस नाही. हायड्रोजनवर काम चालते, भांडे बंद असते, पोती फोडावी लागत नाहीत. मात्र हायड्रोजन पेट घेतो, म्हणून त्या इमारतीत मोबाइल नेऊ देत नाहीत आणि दिवसभर त्याचा फोन लागत नाही. आईला हे पटायला दोन महिने लागले. आता ती रात्री साडेआठनंतर, त्याची आंघोळ झाली असेल असा हिशेब करून, मला फोन लावायला सांगते.